कौशल्येच्या वाटणीची पोळी

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, दुपार

आदरणीय द्वारकाताई यांस,

महिपतीचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे, बापूरावांचा रक्तदाब आणि उमरेडचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी बरा आहे. (हे वाक्य सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून काय ते ठरवा.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही जेवलात का विचारता, मी हो म्हणतो, आणि मग कौशल्येचा विषय निघू नये म्हणून आपण दोघं हवेबद्दल बोलतो. पुण्याच्या हवेत रोज बोलण्यासारखं काही नसतं.

तर जेवणाविषयी. तुमची बहीण जाऊन सात महिने झाले. निकिताने हैदराबादला परत जाण्याआधी बापासाठी डबा लावून दिला होता. त्यात सोमवारची भाजी आणि शनिवारची भाजी यांत फक्त वाराचा फरक असायचा, म्हणून मी तो बंद केला. म्हटलं, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं धरणांचे नकाशे काढले, एका माणसाचं वरण काय अवघड आहे? अवघड आहे, ताई. कौशल्येची डाळ मोजायची एक वाटी आहे, कडेला पोचा आलेली. ती दोन माणसांची. मी अर्धी वाटी डाळ लावून पाहिली, तर ती तळाला अशी चिकटली की ते भांडं दोन दिवस पाण्यात भिजत पडलं होतं. पाणी वाढवलं तर डाळ कुठे गेली ते शोधावं लागलं. शेवटी मी भरून वाटी घ्यायला लागलो. त्यामुळे रोज एक माणूस जेवतो आणि एका माणसाचं उरतं.

भाजीचीही तीच गत. मंडईत गेलो आणि पाव कोबी मागितला. भाजीवाली मावशी म्हणाली, "काका, भाजी करायची का औषध घ्यायचंय?" मागे उभी असलेली माणसं हसली. मी मुकाट्याने अख्खा गड्डा घेतला आणि पाच दिवस कोबी खाल्ला. पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी तीच भाजी भातात, तिसऱ्या दिवशी तो भात थालीपिठात, आणि चौथ्या दिवशी थालीपिठाचं जे काही झालं त्याला नाव नाही. पाचव्या दिवशी निकिताने व्हिडिओ कॉलवर विचारलं, बाबा, आज काय केलंत? मी म्हटलं, कोबी. ती म्हणाली, अरे वा, ताजा! मी फोन जरा वर धरला, म्हणजे ताट दिसू नये.

मधे एकदा वरणात साखर पडली. चूक माझी नव्हती. डब्यावर कौशल्येच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, मीठ. तुम्हाला तिची सवय ठाऊक आहेच, आतला जिन्नस बदलायचा पण वरची चिठ्ठी तशीच. 'जिरे' मध्ये ओवा आहे, 'रवा' मध्ये रांगोळी. (त्या दिवशी उपमा करायचं मनात होतं. थोडक्यात वाचलो.) तिला सगळं पाठ होतं, मला नाही. मी नवीन चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आहेत, नकाशावर लिहायचो तशा सुबक अक्षरात. पण जुन्या काढवत नाहीत. नवीन तशाच टेबलावर पडून आहेत. ते गोड वरण मी संपवलं. पुण्यात राहून तेवढं जमायला हवं.

आता पोळ्या. माझ्या पोळ्या अगदी गोल होतात, कारण लाटून झाल्यावर मी ताटली उपडी ठेवून कडा कापतो. तिच्या मापाने कणीक भिजवली की चार होतात. मी दोन खातो. मागच्या आठवड्यात उरलेल्यांची चळत सहावर गेली, तेव्हा शेजारच्या यमुनाबाईंना विचारायला गेलो की याचं काय करतात. त्या म्हणाल्या, "अहो दादा, फोडणीची पोळी करा ना. वहिनी रोज तेच तर खायच्या." मी म्हटलं, कोण वहिनी? त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेलात की करायच्या. त्याआधी तुम्ही ऑफिसला गेलात की. तुम्हाला शिळं चालायचं नाही ना."

ताई, मला शिळं चालायचं नाही हे खरं. ते कुठे जातं हे मी छत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. टेकडीवरून परतलो की घरात मोहरी-हिंगाचा वास असायचा. मी म्हणायचो, वास छान येतोय. ती म्हणायची, भाजीची तयारी चाललीय. आणि मी हातपाय धुऊन गरम पोळीची वाट पाहत बसायचो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर मी कहरच केला. तुम्हाला आठवत असेल. वंदना झाली, सगळे बोलले, आणि मी उभा राहून अभिमानाने सांगितलं की कौशल्येने आमच्या घरात कधी शिळं म्हणून राहू दिलं नाही. समोर बसलेल्या सगळ्या बायकांनी एकदम खाली पाहिलं. तुम्ही पदर तोंडाला लावलात. मला वाटलं, रडताय. आता रोज सकाळी मला ती बायकांची रांग दिसते आणि लाज वाटते.

त्या सहा पोळ्या मी कुस्करल्या. कांदा, मिरची, हळद, यमुनाबाईंनी सांगितलं तसं. खायला बसलो. आणि ताई, चव इतकी चांगली होती की मला रागच आला. म्हटलं, ही बाई इतकी वर्षं चांगलं ते स्वतः खात होती आणि मला नुसती गरम पोळी वाढत होती! हा राग साधारण अर्धं ताट टिकला. मग ताट तसंच ठेवून उठलो. दुपारी तेही गार झालेलं खाल्लं.

बापूरावांना जयभीम सांगा. जिना चढताना कठडा धरत जा.

आपला,
महिपती

ता. क. : विचारायचं होतं ते राहूनच गेलं. कौशल्येला लहानपणापासून फोडणीची पोळी आवडायची का? तुम्ही एका ताटात जेवून वाढलात, तुम्हाला ठाऊक असणार. यमुनाबाई म्हणतात, आवडतं असं कौशल्या सांगायची. पण मलासुद्धा ती भाजीची तयारी चाललीय असंच सांगायची.

ता. क. २ : आवडत नसली तरी आवडायची असंच लिहा. मी जास्त चौकशी करणार नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. वरचं खोडलं समजा. खरं असेल तेच लिहा. तुम्ही दोघी एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलात, तुमचं अक्षर हुबेहूब तिच्यासारखं आहे. (फोन न करता पत्र लिहिलं ते त्यासाठीच.) त्या अक्षरातलं खोटं मला डब्यांवर चालतं, पत्रात चालणार नाही.