प्रत्येकी एकच फुंक

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

डाळमिलच्या दारात आज मालकाच्या डॉक्टरांनी कामगारांना दम मोजायच्या नळीत फुंकायला लावलं. भागवतचा आकडा सर्वांत कमी. "प्रत्येकाचा दम मुळातच वेगळा असतो," म्हणत त्याला घरी बसवलं. मिलमधली डाळीची धूळ निर्दोष, भागवतचं शरीर दोषी! तो मला एवढंच म्हणाला, "नाना, बठ्ठासले एकच फुंक!" सगळ्यांना, प्रत्येकी एकच.

उद्याच्या युनियनच्या सभेत, धुळीनेच भागवतचा दम खाल्ला म्हणत, मी याच आकड्यावर आग ओकणार होतो. तेवढ्यात देवपूरहून पुतणी आली. संख्याशास्त्र शिकवते, तिला दमाही आहे. तिने तिच्याकडची तसलीच नळी माझ्या हातात दिली. मी पुन्हा पुन्हा फुंकलं, दर वेळी आकडा वेगळा.

"नाना, एकाच माणसाचा आकडा दर फुंकीला इतका बदलतो. मग एका फुंकीवरून माणसामाणसांतला फरक कसा कळणार?"

"म्हणजे डॉक्टर खोटा?"

"त्याने तो फरक मोजलाच नाही. आणि तुमचं भाषणही तेवढंच कच्चं."

चिडलो. पण एकच फुंक का? घाई, की मुद्दाम? आणि मी तरी तो आकडा लगेच का उचलला? मला हवा तसा होता म्हणून?

उद्या आकडा नाही. भागवतला शेजारी उभं करून एकच मागणी: त्याला कामावर घ्या, आणि कामाआधी, कामानंतर, रोज, सगळ्यांना फुंकू द्या; दोष धुळीचा की शरीराचा, ते कळेल. नको कोण म्हणतं, तेच बघायचंय.