पोरगी शाळेत जात न्हाई

केडगाव, ८ जानेवारी १९९६
विश्वासच बसंना. मिलिंदनं सुजाताचा दाखला काढून आणला. तिसरीतली पोर! माझा शिकलासवरला लेक कारखान्यात सुपरवायझर, सून दवाखान्यात नर्स, अन् नात घरात. म्हणे शाळेच्या नावानं रोज सकाळी ओकते. डॉक्टरला काही सापडंना. "आई, जूनपर्यंत घरीच शिकवू." मी म्हणलं, "गाढवा, शाळेसाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं, अन् तू दाखला काढून आलास?" भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मान वर करवंना.

१० जाने.
वैशालीनं टाइमटेबल सांगितलं. त्यात घड्याळच न्हाई. तिची दिवसपाळी असली तर वाचन संध्याकाळी, रातपाळी असली तर ती झोपून उठली की. गणित मिलिंदच्या पाळीप्रमाणं. मी विचारलं, "ही शाळा हाय का कारखाना?" हसली. "आत्या, जमेल तेव्हा, जमेल तसं. पण रोज." थंड बाई. अशीशी भांडायचं तरी कसं?

१५ जाने.
विहारात शेजारणीनं विचारलं, नात घरी कशी? ताप आलाय म्हणाले. किती दिवस ताप आणू? पोरगी शाळेतनं काढली की लोक सोयरीक ठरली म्हणतात. आठ वर्षांची हाय, तरी म्हणतील. लोकांच्या जिभेला हाड न्हाई, अन् माझ्याबी.

१९ जाने.
दोघांची पहिली पाळी एकदम आली. घर माझ्या ताब्यात. अकराला पळीनं ताटली वाजवली. वंदना, पाढे, शुद्धलेखन, मधली सुट्टी. मी दोन यत्ता शिकलेली, पण शिस्त कळते. सुजी खुदुखुदू हसत हुती. "आजी, तू तर बाई झालीस!" अडखळते, पण वाचते. मग ओकणं कशाचं? सगळे लाड.

२० जाने.
दुपारी लाइट गेली. खोलीत अंधार. मी म्हणलं, "सुजे, पुस्तक घे, दाराबाहेर बस, उजेडात वाच." हलंना. मी ओरडले, "बाहेर बस म्हणते ना!" गेली. भिंतीकडं तोंड करून बसली. पुस्तक मिटलेलं. फ्रॉक ओला. खाली फरशी ओली.
"काय गं बाय?"
"नीट वाचते आता. आत घे ना."
आत घे ना म्हणाली. मला!
कुशीत घेतली तवा बोलली. बाई तिला वर्गाबाहेर बसवायच्या. हळू वाचते, बाकीच्यांचा वेळ जातो म्हणून. रोज.

२१ जाने.
मीबी बाहेरच बसून शिकले. शाळेच्या ओट्यावर. पाऊस आला की पाटी पुसून जायची. तवा मास्तर कारण सांगायचे न्हाईत, सगळ्यांना ठाऊक हुतं. आता कारण सांगतात. माझी नात, सुपरवायझरची पोर, अन् बाहेर...
मिलिंदला सांगितलं. ताटावरनं उठला. त्यालाबी पोरीनं सांगितलं नव्हतं.

३ फेब्रु.
ताटली बंद. मी भाकरी थापते, ती शेजारी बसून मोठ्यानं वाचते. अडखळली तर मी भाकरी उलटते, तवर तिला अक्षर सापडतं. कंटाळली की शेळी सोडायला मीच पाठवते. मिलिंद म्हणाला, "आई, हे कसलं टाइमटेबल?" म्हणलं, "गप बस. आता माझी पाळी हाय."

२ मार्च
ओकणं थांबलं. काल सकाळीच भाकर मागून खाल्ली.

२८ मे
शाळा उघडायला आली. बाई त्याच हायत. जवळ दुसरी शाळा न्हाई. मिलिंद म्हणतो, "मी जाऊन बोलतो, आत बसवतील." वैशालीला वाटतं, आणखी एक वर्ष घरीच. दोघं माझ्याकडं बघाया लागली. "आत्या, तुम्ही सांगा. शाळेसाठी तुम्हीच भांडत होता."
एवढी तोंडाळ मी. उगाच परातीतलं पीठ मळत बसले. बाहेर बसवली तर? अन् घरीच ठेवली तर, आपणच बाहेर बसवल्यासारखं न्हाई का?
उद्या सांगते म्हणाले.

२९ मे
आजबी तेच म्हणाले.