धुरावरचं केळफूल

बाबा, आज घरात मासा शिजलेला नाही, हे आधीच सांगते. नाहीतर बसल्या जागी तुमचं नाक उगाच वर व्हायचं. केळफूल होतं. सकाळपासून गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला तारेनं टांगलेलं, आणि खाली लोखंडी घमेल्यात गोवरीचा तुकडा आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसकट, धुमसत होतं. तुमची शिकलीसवरलेली लेक, केसांना रंग लावणारी, दुसऱ्यांच्या मूर्खपणावर तोंड चालवण्यात उभा जन्म घालवलेली, पाटावर बसून एका फुलाला मासा हो म्हणून विनवत होती. फूल ऐकत नव्हतं. आपल्या घरात कोणीच कोणाचं ऐकत नाही, फुलानंच काय म्हणून ऐकावं?

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही आता माझे धाकटे भाऊ दिसता. माय मात्र म्हातारी झाली. गावच्या घराला कुलूप लावून ती माझ्याकडं अमरावतीला आली आणि आल्यापासून हळूहळू बंद होत गेली, दुकान वाढवताना एकेक फळी लावत जावी तशी. आधी शेजारणींशी बोलणं गेलं, मग टीव्हीतल्या सुनांवर चिडणं गेलं, मग जेवण. दुधात कुस्करलेला भाकरीचा चतकोर, तोही अर्धा ताटात. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय आहे. मला आजार चालला असता. त्याला गोळी तरी असते. तुमचा विषय तर ती तुम्ही गेल्यापासूनच काढत नव्हती. आम्ही काढला तर उठून पाणी प्यायला जायची.

आणि मग एका दुपारी ताट बाजूला सारून म्हणाली, "तुहा बाप वावरात भाजे ना, ते खावंसं वाटून राह्यलं."

"काय भाजे?"

"काय भाजे म्हणून काय इचारते? मासा."

मी तिच्या गळ्याकडं पाहिलं. "माय, तुह्या गळ्यात माळ हाय."

"माळ मले दिसते, वं. म्हणून तं तुले सांगून राह्यली. बिनमाशाचा कर."

बिनमाशाचा मासा! असलं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. पण त्या दिवशी हसायला आलं नाही. कित्येक महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं ते तुमच्या हातचं.

अकोल्याला भावाला फोन केला. तो तुमच्यासारखाच सरळ आहे, म्हणजे वाकडं काम सरळ तोंडानं सांगतो. म्हणाला, "अवं ताई, बजारातून मासा आण, भाज, अन् सांग केळाचा हाय म्हणून. तिले काय समजते?"

"तिनं मले इश्वासानं मागतलं हाय."

"मंग केळाचाच दे. उद्या म्हणशीन वांग्याचा बोकड करून राह्यली म्हणून."

त्याला फोनवर जे बोलले ते लिहीत नाही. पण खरी अडचण मी त्यालाही सांगितली नाही. ती चव मला ठाऊकच नाही, बाबा. तुम्ही कधी खाऊच दिलं नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. पूर्णाकाठचं आपलं वावर, कापूस वेचून झालेला, उभ्या पऱ्हाट्या. मी शाळेला बुट्टी मारून तुमच्या मागं आलेली. खोपीच्या दाराशी तुम्ही उकिडवे बसलाय, नदीवरून भोयानं आणून दिलेले मासे साफ करून, हळद लावून, तारेत ओवून धुरावर धरलेत. जाळ होऊ द्यायचा नाही. ज्वाळ दिसली की तुम्ही तिच्यावर मूठभर कुटार टाकताय आणि तिला शिवी देताय, बैलाला देतात तशी, लाडानं. माशाच्या कातडीला आधी तांबूस रंग येतो, मग तपकिरी. मी हात पुढं करते. तुम्ही माझा हात धरून बाजूला ठेवता, टोपली सरकवावी तसा.

"माळकरणीची पोर हायेस. आधी मायले इचारून ये."

मायला विचारायची कोणाची छाती होती? तुम्ही मला ओंबी भाजून दिलीत आणि तुम्ही मासा खाल्लात. मी रागानं ती ओंबी धुळीत टाकली. तुम्ही उचललीत, फुंकलीत आणि स्वतः खाल्लीत. घरी निघताना विहिरीवर हात धुतलेत, लिंबाचा पाला चोळलात, गूळ खाल्लात, आणि तरीही उंबऱ्यावर मायनं विचारलंच, "आले का खाऊन?" तुम्ही रात्रभर ओसरीवर. वाटायचं, ही बाई किती कठोर. तुम्ही त्या ओसरीवर इतके सुखानं का घोरत होता, हा प्रश्न मला पडला नाही. लेकरांना बापाचं दुःख लवकर दिसतं, सुख उशिरा.

तर मी कामाला लागले. पुण्याच्या भाचीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक गोरीपान बाई गाजराचे पातळ काप धुरी देऊन मासा म्हणून पावावर ठेवत होती आणि डोळे मिटून उसासे टाकत होती. मी केलं. गाजर धुरकटलं, पण गाजरपण सोडेना. मग सोयाबीनचं पनीर. तुम्ही असता तर म्हणाला असता, जे ढोरांपुढं टाकावं त्याचे लाड चालले. वरून भाचीच्या सल्ल्यानं समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागद मागवून त्यात ते गुंडाळलं. घरभर समुद्राचा वास सुटला. मायनं पदर नाकाला लावला. "हे कुठचं वं? आपली तं नदी होती." खरंच की. वऱ्हाडातल्या बाईनं समुद्र कशाला आठवावा?

शेवटी केळफुलावर येऊन थांबले. त्याच्या आतल्या फिक्या पाकळ्या उकडल्या की माशाच्या मांसासारखे पदर सुटतात. त्या थरांवर थर रचायच्या, चिंचेचं पाणी, हळद, मीठ, लसूण लावायचा, वर कच्च्या केळ्याचं सालच कातडी म्हणून चढवायचं, दोऱ्यानं आवळून धुरावर टांगायचं. दिसायला अगदी मासा. डोळा तेवढा नाही, पण डोळा नसलेलेच बरे; तुमचे ते मासे माझ्याकडं फार बघायचे.

पहिल्या रविवारी धूर वर गेला आणि दारावर बेल. वरच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्यामागं समोरच्या वहिनी, हातात रिकामी वाटी. आपल्या अमरावतीत गोवरीचा धूर निघाला म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले नवसाचे रोडगेच, दुसरं काही असूच शकत नाही.

"रोडगे करून राह्यल्या का? कशाचा नवस व्हता?"

"नवस नाही काकू, केळफूल."

"केळफुलाचे रोडगे?" काकू वहिनींकडं वळल्या. "आता पाहा, नवीनच निघालं."

मला समजावून सांगता येईना. बिनमाशाच्या माशासाठी धूर केला असं दारात उभ्यानं सांगून पाहा. शेवटी म्हटलं, "हो, नवसच हाय. माह्या बापाचा." दोघींनी हात जोडले आणि वाटी तिथंच ठेवून गेल्या, प्रसादासाठी. आतून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. जाऊन पाहते तर माय हसत होती.

त्या दिवशी तिनं पहिला घास घेतला, बोटांनी पदर सोडवून पाहिले, हळूहळू चघळला. मी समोर बसले होते, आधी एकदा नापास झालेली पोर निकाल ऐकायला बसते तशी.

"कातडी जराशी करपाले पायजे," ती म्हणाली. "बोटाले चिकटली पायजे. अन् लसूण नोको. तो लसूण नाही टाके."

"माय, तुले कसं माहीत?"

"खाल्ला म्हणून माहीत."

मग सांगितलं. माळ तिनं घातली ती आजी गेल्यावर, घरात एक तरी गळा माळेचा असावा म्हणून. त्याआधी, ती नवी नवरी असताना, तुम्ही आजीला सांगायचा की तण निंदायला बाया कमी आहेत, हिला वावरात पाठव. "निंदन काहीच नसे. मी जाऊन बसो. तो पोटाकडचा तुकडा काढे, काटे काढे, फुंके, अन् मले दे. म्हणे, तू खाय, मले शेपटी आवडते. शेपटी कोनाले आवडते वं?" एवढं बोलून तिनं दुसरा घास घेतला. मग तिसरा.

माळ घातल्यावर तिनं पुन्हा कधी तोंडाला लावला नाही. पण तुम्ही खाऊन येता की नाही हे उंबऱ्यावर रोज विचारायची. ती चौकशी रागाची होती असं आम्ही धरून चाललो होतो. ती वास घेत होती, बाबा.

मग दर रविवारचा नेमच झाला. मी लसूण काढला, कातडी करपवली. दर वेळी ती म्हणते, जमलं नाही, आणि काय हुकलं ते सांगता सांगता तुमचं एक काही सांगून जाते. तुम्हाला पोहता येत नव्हतं आणि तुम्ही तिला सांगितलं होतं की येतं. तुम्ही तिच्यासाठी दर्यापूरच्या बाजारातून आरसा आणला आणि आजी रागावेल म्हणून वर्षभर खोपीतच टांगून ठेवलात. ती निंदायला येऊन वेणी घालायची. आम्ही ज्याला ओळखत होतो तो माणूस कमी बोलायचा, बैलाशीच जास्त. हा कोण, मला नवीनच आहे. आणि बोलता बोलता ती जेवते. अख्खी भाकर जेवते.

एक गोष्ट मात्र सुटेना. ती म्हणायची, "खारं पायजे." मी मीठ वाढवलं. पुढच्या रविवारी आणखी वाढवलं. ती चिडली. "हे मीठ हाय. मी खारं म्हणून राह्यली. मराठी समजते का नाही तुले?" मला मराठी समजत नाही असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सैंधव आणलं, काळं मीठ आणलं, पापडखार आणला. घास तोंडातून बाहेर.

उकल झाली ती भावाच्या फोनवर. अकोल्यात त्यांच्याकडं नळ आला नव्हता. तो म्हणाला, "गोडं पाणी नाहीच, खारंच भरून राह्यलो." आणि मी गॅस बंद केला. खारं म्हणजे पाणी! आपल्या गावात खारं म्हणजे विहिरीचं आणि गोडं म्हणजे पावसाचं. खारपाणपट्ट्यात जन्मलेली पोर मी, ज्या पाण्यात डाळ शिजत नव्हती आणि चहा फाटत होता ते पाणी पिऊन वाढलेली, आणि इतकी वर्षं धरणाचं पाणी पिऊन शब्दच विसरले होते. तुम्ही मासे वावरातल्या विहिरीच्या पाण्यात भिजत घालायचा. मीठ तुम्ही टाकतच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी बसनं दर्यापूर, तिथून जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन गाव. वावर आता चुलतभाऊ वाहतो. तो म्हणाला, "ताई, अमरावतीहून आली अन् खारं नेऊन राह्यली? लोक इकडून पळतात त्याच्यापायी." खोप नाही, विहीर आहे. मी ओंजळभर प्याले. जिभेच्या कडांना आधी लागतं, मग घशात उतरून तिथंच बसून राहतं. कॅन भरून मांडीवर घेऊन परत आले. जीपमधल्या बाईनं विचारलं, गंगाजल आहे का.

ही गोष्ट गेल्या महिन्यातली. कॅन गॅलरीत झाडूमागं उभा आहे, भरलेला, टोपण आवळलेलं. मायला दाखवलेला नाही. आजही केळफूल नळाच्या पाण्यातच भिजवलं, आजही ती म्हणाली, "हुकलं वं, खारं नाही आलं," आणि मग तुम्ही एकदा पुराच्या पाण्यातून तिला खांद्यावर घेऊन निघालात आणि मधेच घाबरून तिलाच म्हणालात, तू उतर, मी तुला धरून येतो, ते सांगून इतकी हसली की मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. चव जमली तर ती समाधानानं हात धुवेल, माळेला हात लावेल आणि म्हणेल, झालं. मला ते 'झालं' ऐकायचं नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचवायचं तर तिकडं येणारं एकच माणूस माझ्या ओळखीचं आहे, आणि तिच्या हाती काहीही द्यायची मला घाई नाही. तेव्हा पत्र इथंच राहील. येत्या रविवारीही मी नळच उघडणार आहे, बाबा.