बेगमेच्या महालात टाळ्या नाहीत

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज पहिल्यांदाच कागद घेतलाय, कारण टांग्यातून पाहुणे उतरवून त्यांना किल्ला दाखवायचं जे काम तुम्ही मला शिकवलंत, ते आज माझ्या हातून गेलं. आणि गेलं ते तुमच्यामुळेच!

आपल्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तसे साहेबलोकही बदलले. नव्या साहेबांनी आम्हा गाइडांचा वर्ग घेतला. परीक्षा पास झाला त्याला बिल्ला, बिल्ला नसेल तो फाटकाबाहेर. मी खुशीनं गेलो. नमस्कार कसा करावा, मडमेला पायरी कशी दाखवावी, चांगलंच शिकवलं की! माझ्या हिंदीला मराठीचा वास येतो म्हणाले, तेही हसून घेतलं. मुलखामुलखाच्या बोल्या मी तुमच्या टांग्यावर नुसत्या कानानं उचलल्या. वास येणारच.

परीक्षा किल्ल्यातल्या बेगमेच्या महालात होती. साहेब म्हणाले, इथं बादशहाच्या प्रेमाची कहाणी अशी रंगवा की मुसाफिरांनी टाळ्या वाजवल्या पाहिजेत.

तात्या, माझं तोंडच उघडेना. नवा असताना मी तिथं असाच रंगात आलो होतो, तेव्हा तुम्ही मला बाजूला ओढलंत, आठवतं?

"चूप बैस रे. बाई बाळंतपणात गेली इथं. बाळंतिणीच्या खोलीत कोणी तमाशा लावतं का?"

तेव्हापासून आपण तिथं जोडे काढायचे, बाई इथं गेली एवढंच सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. काकूही तशाच गेल्या होत्या, हे मला तुमच्या दहाव्याला शेजाऱ्यांकडून कळलं. इतकी वर्षं एका टांग्यात बसलो, मला का नाही सांगितलंत?

मी म्हणालो, "साहब, बाकी सब जगह तालियाँ ले लूँगा. यहाँ नहीं."

बिल्ला दुसऱ्यांना मिळाला. बायको म्हणाली, चार शब्द बोलला असतात तर जीभ झिजली असती का? तिचंही खरंच. गप्प राहायला शिकवलंत, मग खायचं काय ते कोण शिकवणार?

पण ऐका. नदीपल्याड आहुखान्यात, बादशहाच्या जुन्या हरणबागेत, जिथं बेगमेला आधी पुरलं, तिथं बिल्ला विचारणारं कोणी नाही. उद्यापासून पाहुणे तिकडे नेणार. आणि बिल्ला मिळालेले दोघं आत्ताच गुपचूप येऊन गेले, म्हणाले, आम्हाला तुमच्यासारखं पाहुण्यांना फिरवायला शिकवा. शिकवीन, तात्या. त्या महालात गप्प कसं राहायचं, ते सगळ्यात आधी. मला फाटकाबाहेर काढलं. आता तुम्हाला काढून दाखवा म्हणावं साहेबांना!

तुमचा,
दगडू
(अजूनही गाइड)