विजेच्या शेगडीवर न उतू गेलेलं दूध

सनीव्हेल, गुरुवार

तीर्थरूप प्रतिमामावशी,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, तेव्हा सहा अंगांवर भागवून घे). तुझं बीपी काय म्हणतंय? काकांनी लोणचं सोडलं का? कागदावर लिहितेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आमच्या सासूबाई आहेत आणि त्या सगळं वाचतात.

तर रविवारी गृहप्रवेश झाला. झाला म्हणायचं! आमच्या नगरपालिकेचं म्हणणं असं, की नव्या घरात गॅस घ्याल तर छप्पन्न अटी, सगळं विजेवर कराल तर सुखाने नांदा. बिल्डरने सोपा रस्ता धरला. विवेकला (इंजिनियर नवरा, देवाने वैऱ्यालाही देऊ नये) आनंदच. त्याने शोधून शोधून असली इंडक्शन शेगडी घेतली, की दूध उतू जायच्या आत ती आपली आपण बंद होते. आणि गृहप्रवेशाला काय करतात गं? दूध उतू घालवतात! दोघंही मास्टर्स केलेले, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सासूबाईंनी नागपूरहून पितळी पातेलं आणलेलं. त्यांच्याकडे दूध त्यातच आणि पूर्वेलाच उतू जातं, नाहीतर घर लाभत नाही म्हणे. शेगडीने पितळेला ओळखच दाखवली नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं, मलाही वाईट वाटलं. मग स्टीलचं ठेवलं. दूध वर, वर, अगदी काठापर्यंत... टुंक! बंद. दूध खाली. असं तीनदा. फोनवर गुरुजी "मुहूर्ताची चारच मिनिटं राहिली, वहिनी" म्हणतायत आणि विवेक मॅन्युअल वाचतोय. शेवटी सासूबाई हळदकुंकू घ्यायला वळल्या, आणि काय सांगू मावशी, मी पळीने सरळ अर्धी वाटी दूध बाहेर ढकललं आणि ओरडले, "गेलं बाई उतू!" (पूर्वेलाच ढकललं, एवढी लाज राखली.) त्यांनी पदराने डोळे पुसले. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या आधी उठून त्यांचा चहा करतेय. उद्या घर लाभलं नाही तर पाप माझ्या पळीचं.

तुझी आज्ञाधारक (पळीचा अपवाद सोडून),
आश्लेषा

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. तुझं घर जुनं, गॅसवर वांगं भाजता येतं. भरिताच्या निमित्ताने सासूबाईंना महिनाभर तुमच्याकडे बॉथेलला बोलव ना! त्या समोर दिसल्या की खरं तोंडातून निघेल असं वाटतं. तूच सुचवल्यासारखं दाखव. हे पत्र त्याच फिरायला जाताना पेटीत टाकणार आहेत, पण पाकीट घट्ट चिकटवलंय.

ता.क. २ प्रतिमाताई, सप्रेम नमस्कार. मी शोभना, आश्लेषाची सासू. पाकीट काही चिकटलं नव्हतं. पळी मला ओव्हनच्या काचेत स्वच्छ दिसली. डोळे पुसले ते हसू आवरेना म्हणून. अहो, त्याच दिवशी सकाळी माझ्या चहाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये भसाभसा उतू गेलं होतं, तेही पूर्वेला. विवेकच्या नव्या टॉवेलने पुसून टाकलं. घर केव्हाच लाभलंय. भरिताला जरूर येते, पण सुनेलाही बोलवा. तिथेच तिला सगळं सांगीन. तोवर एक शब्द बोलू नका, चार दिवस झाले, सकाळचा चहा आयता हातात मिळतोय.