दाबलेलं हसू

प्रिय भाऊजी,

त्या दिवशी सकाळी मी अंथरुणं आवरली, पाणी तापत ठेवलं आणि कपडे भिजवायला मोरीत गेले, तर तुमचे दादा आधीच तिथे बसलेले. जन्मात स्वतःचा रुमाल न पिळलेला माणूस विजार घासत होता. म्हणाले, चहा सांडला. चहा अजून व्हायचाच होता. मी बादली भरून दिली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसले.

त्यांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनला तेव्हा थोडेच महिने झाले होते. उभी हयात बस चालवलेला माणूस, पण नंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाईना. पाणी पिणं कमी केलं. खुर्ची ओढून संडासाच्या दाराशी नेली. जुने ड्रायव्हर मित्र बोलवायला आले की गुडघा दुखतो म्हणायचे, तोही कधी डावा, कधी उजवा. आणि हसायचे थांबले. तुम्ही दोघे भाऊ हसायला लागलात की शेजारीण खिडकी लावून घ्यायची, आठवतं? मला वाटायचं माझ्यावरच रुसलेत. पुढे ते हृदयविकाराने गेले, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण शेवटची वर्षं त्या खुर्चीत वाया गेली, हे मी स्पष्टच लिहिते. यावर उपाय असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता माझं. दोन बाळंतपणांनंतर शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं, हा बायकांचा धर्मच आहे असं मी धरून चालले होते. गिऱ्हाइकांच्या परकरांना आतून दुहेरी कापड लावून द्यायचे, कुणी कारण सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. मग वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं, की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि तिलाही व्यायाम लागतो. डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि गेले फिजिओथेरपीला. तिथली मुलगी माझ्या लेकीहून लहान. म्हणाली, "काकू, आवळा." मी आवळलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही श्वास कोंडताय आणि ओठ मिटताय. तोंडात काय धरलंय?" काही नव्हतं हो. टाचण्या ओठांत धरून काम करायची जन्माची सवय, जोर लावायचा म्हटलं की श्वास बंद. आवळण्याआधी मला श्वास घ्यायला शिकावं लागलं.

तिथल्या बाकावर मी एकटी म्हातारी नव्हते. ओली बाळंतीण होती, उड्या मारताना लघवी गळते म्हणून आलेली एक खेळाडू मुलगी होती. एका बाईंचे स्नायू उलट इतके ताठ, की बसलं तरी दुखायचं. त्यांना आवळणं नाही, सोडणं शिकवत होते. दोऱ्याचा ताण जास्त झाला तरी टाका बिघडतोच, ते मला लगेच पटलं. आणि एक गृहस्थ होते, तुमच्याच वयाचे, तेच ऑपरेशन झालेले. बाकावर बसून सगळ्यांना विनोद सांगत होते आणि स्वतःच मोठ्याने हसत होते. मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले. पुरुषही इथे येतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझं सगळं बरं झालं असं नाही. खोकल्याची जोराची उबळ आली तर अजून धाकधूक होते. पण परवा बाजारातून चालत आले आणि वाटेत एकदाही संडास शोधला नाही.

तुमचंही आता तेच ऑपरेशन झालं, म्हणून बुधवारी मी तुम्हाला फोन केला. कपाटात ठेवून पँट आटली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. एरवी तुम्ही फोन दणाणून सोडला असता. तुम्ही नुसतं हं म्हणालात. दाबलेलं हसू मला ओळखू येतं भाऊजी, मी त्याच्यासोबत संसार केलाय. मग तुम्ही फोन माझ्या धाकट्या जावेकडे दिलात. तिला मी एवढंच विचारलं, की ऑपरेशन झाल्यापासून भाऊजींची खुर्ची कुठे असते. ती रडायला लागली. तिच्यावर रागावू नका, रागवायचं तर माझ्यावर रागवा. वहिनीने असलं दिराला लिहावं का, तर लिहावं. एका भावाच्या वेळी मी गप्प बसले, दुसऱ्याच्या वेळी बसणार नाही. गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात गेले, तुमच्या नावाने सोमवारची वेळ घेतली आणि बाकावर तुमच्याशेजारी मी बसेन असं त्या मुलीला सांगून आले.

तुमचीच,
मोठी वहिनी