गुरुवारचा टीव्ही

६ नोव्हेंबर, गुरुवार

बोललो एकदाचा! पाऊण तास. फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवला होता, दोनदा घसरला. बाईंना माझ्याऐवजी पंखा दिसला. म्हणाल्या, "पंखा छान आहे, पण तुम्ही दिसलात तर बरं." हसलो. शेवटचा कधी हसलो होतो, आठवत नाही.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीच त्यांचं नाव दिलं. 'नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, या समुपदेशक आहेत, यांच्याशी बोला. घरबसल्या होतं आता.' घरबसल्या! तीच तर अडचण. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये प्लायवूडची भिंत. बाहेरच्या खोलीत बाबा. त्यांना सांगून टाकलं — कामाचं ट्रेनिंग आहे, फोनवर, दर गुरुवारी सहाला. 'हं' म्हणाले.

बाईंनी सरळच विचारलं — जगणं नकोसं वाटतं का? हो म्हणालो. काही करायचं मनात नाही, पण सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं रोज वाटतं. हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर काढलं. रडलो. आवाजही चढला असणार. त्या घाबरल्या नाहीत. मला वाटलं होतं घाबरतील. रात्री-अपरात्री कधीही लावता येईल असा एक नंबर त्यांनी माझ्याकडून फोनमध्ये घालून घेतला, त्यांच्या देखत.

बाहेर आलो तर बाबा टीव्हीसमोर. आवाज बंद, नुसती चित्रं. आई गेल्यापासून ते तसाच बघतात. जेवताना दोघांत एक शब्द नाही. म्हणजे रोजचंच.

८ नोव्हेंबर

आंघोळ केली. लिहिण्यासारखं एवढंच.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर कवळ्या. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही लॅबमध्ये साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो. ज्या तोंडात ते जायचे ते तोंड कधी दिसत नाही. शेजारच्या टेबलावर पॉलिश बसतो. घासून चकाकी आणायचं काम त्याचं, म्हणून नावच पडलं. दिवसभर त्याचं मशीन घूं घूं करतं आणि आम्ही दोघं मास्क लावून गप्प.

बाईंनी गृहपाठ दिलाय! रोज एका माणसाशी कामाचं नसलेलं एक वाक्य बोलायचं. पॉलिशला म्हणालो, "आज गार आहे." त्याने मशीन बंद केलं, मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "तुला बरं नाही का रे?" घ्या!

दुपारी बाबांचा फोन. ते कधी फोन करत नाहीत. "येताना एक बल्ब आण," म्हणाले आणि ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजच! आजच सुचलं त्यांना! सहाला दार लावून बसलो, बाईंनी "कसा गेला आठवडा" विचारलं आणि बाहेर टीव्ही सुरू. आवाज असा, की प्लायवूड थरथरलं. कुठलंसं मिक्सर विकणारं चॅनल. "आत्ताच फोन उचला! सोबत तीन भांडी मोफत!" इतके दिवस घरात चिडीचूप, आणि नेमका आज मिक्सर!

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी आलंय का विकायला?" मी म्हटलं, वडील आहेत. त्यांचे कान गेलेत. खोटं बोललो. आत वाटीत चमचा पडला तरी त्यांना बाहेर कळतं.

मी फोन ठेवला आणि दोन मिनिटांत बाहेर आवाज बंद. त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वरही पाहिलं नाही.

१४ नोव्हेंबर

पुन्हा फोन. "येताना काडेपेटी." घरी लायटर आहे. आणली.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारपर्यंत पडून. सुट्टीचा दिवस वाईट. कामाच्या दिवशी निदान कुणाला तरी दात हवे असतात.

बाहेर बाबाही खुर्चीत. पूर्वी रविवारी खालच्या बागेत बाकावर त्यांची चौकडी जमायची. आता जात नाहीत. चहात पाव बुडवून खातात. मी केलेली कवळी आईच्या कपात पाण्यात पडलेली असते. 'लागते' म्हणतात. कुठे लागते ते दाखवा, घासून देतो — असं मी म्हटलं. मनात. तोंडाने काही म्हटलं नाही.

एका घरात दोन माणसं असून एवढं एकटं कसं वाटतं! एकटा राहत असतो तर निदान कारण तरी असतं.

१९ नोव्हेंबर

काल मेणबत्ती, आज बल्ब. पुन्हा बल्ब! कपाटाचा खण उघडला तर आधी आणलेलं सगळं तसंच पडलेलं. उगाच खेपा घालायला लावतात. पॉलिश म्हणतो, "म्हातारपण, चालायचंच." याला काय, याच्या घरी सात माणसं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा मिक्सर. आज तर त्यात लिंबाचं साल घालूनही दाखवत होता म्हणे. मला पाठ झालंय.

बाईंना माझं अर्धं ऐकू येत नाही, मला त्यांचं. त्या म्हणाल्या, "बाबांना खरं सांगून बघायचं का?" छे! वरच्या मजल्यावरच्या मुलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तेव्हा बाबा काय म्हणाले ते माझ्या कानात आहे अजून. "आमच्या वेळी नव्हते असले आजार. सकाळी भोंगा झाला की माणूस उठायचा." जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. नट-बोल्टचा हिशेब तोंडी. त्यांच्या लेखी, मोजता येत नाही ते दुखणंच नाही.

कुणाकडे तक्रार करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि बाबांचे दात तर मीच केलेले!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बस झालं. आज शेवटी बाईंना म्हटलं, बंद करतो. घरात जमत नाही. बागेत बसून रडता येत नाही, लॅबमध्ये पॉलिश. त्या म्हणाल्या, "एकदा शेवटचं म्हणून तरी या पुढच्या गुरुवारी. असं अर्ध्यातून जाऊ नका." बरं म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

फोन ठेवल्यावर फार भीती वाटली. पाऊण तास तेवढाच होता आठवड्यात. बाकी सगळे दिवस त्या पाऊण तासाच्या आधाराने ढकलत होतो, हे आज कळलं — मिक्सरसकट.

३० नोव्हेंबर, रविवार

उठलो नाही.

१ डिसेंबर, सोमवार

उठावं लागलं. बाबा दारात. "येताना सुतळी आणायची आहे," म्हणाले. कशाला, ते विचारलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आजच लिहायला हवं.

सहाला पाच असताना वीज गेली. सगळ्या इमारतीची. माझ्या फोनला चार्जिंग होतं. म्हटलं, वा! शेवटच्या दिवशी तरी शांतता. बाई दिसल्या, मी "नमस्कार" म्हणालो, आणि बाहेरच्या अंधारातून आवाज आला —

"एकोणीस एके एकोणीस! एकोणीस दुणे अडतीस!"

बाबा. पाढे. शाळेतल्यासारखे, घसा ताणून. दात नाहीत, त्यामुळे 'स' सगळे फुसफुसत होते.

मी थांबलो. बाहेरही थांबलं. मी म्हटलं, "बाई, ऐकताय?" लगेच — "एकोणीस त्रिक सत्तावन्न!" मी गप्प. तेही गप्प. बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा बोला बरं काहीतरी." मी म्हटलं, "काय बोलू?" — "एकोणीस चोक शहात्तर!"

फोन तसाच ठेवून दार उघडलं. ते खुर्चीत ताठ बसलेले, तोंड माझ्या दाराकडे.

"बाबा, टीव्ही मुद्दाम मोठा करत होतात?"

"कमी असला की तुझं ऐकू येतं," म्हणाले. "पहिल्या दिवशी आलं ऐकू. सगळं. मग म्हटलं, पोराचं असं चोरून ऐकू नये."

"मग खाली जायचं ना."

"तुला तसं टाकून? तू जे म्हणालास त्यानंतर?"

"ट्रेनिंग नाही ते, कळलं होतं?"

"अरे, ट्रेनिंगमध्ये कुणी रडतं का!"

मग एकदम आठवलं. "आणि ते बल्ब? काडेपेट्या? सुतळी?"

"काही आणायचं असलं की माणूस घरी येतो," म्हणाले.

तेवढ्यात वीज आली आणि मिक्सरवाला जिवाच्या आकांताने ओरडला. दोघंही दचकलो. बाबांना रिमोट सापडेना. मी त्यांच्या पायाशी बसून रडलो आणि ते मिक्सरवाल्याला शिव्या देत राहिले. माझ्या डोक्यावर हात होता.

आत जाऊन बाईंना म्हटलं, पुढच्या गुरुवारी येतो.

५ डिसेंबर

आज त्यांचा फोन आला नाही. मीच केला. "काय आणू?" विचार करून म्हणाले, "काही नको. ये."

९ डिसेंबर, मंगळवार

कपातली कवळी लॅबमध्ये नेली. खालच्या डाव्या कडेला लागत होती, एवढंसं. घासली, पॉलिशने चकाकी आणून दिली, वर म्हणाला, "बाबांना सांग, आता हाडंही फुटतील." रात्री जेवायच्या आधी त्यांना घालायला लावली. बरी आहे म्हणाले. मग पुन्हा काढून कपात टाकली.

"आता कुठे लागते?"

"लागत नाही रे. कशाला घालायची, तेच कळत नाही." पाव बुडवत होते. "सकाळी जाग येते तेव्हा वाटतं, कशाला आली. मग आठवतं, तुला उठवायचंय. मग उठतो."

माझंच वाक्य! भिंतीपलीकडून त्यांनी ते ऐकलं तेव्हा ते त्यांच्याही ओळखीचं होतं.

पाव चहात विरघळून गेला होता. चमच्याने शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या तुझ्या बाई — त्यांना म्हातारी माणसं चालतात का?"

११ डिसेंबर, गुरुवार

बाबा सहाला खाली बागेत गेले. दारात दोनदा विचारलं, "जाऊ ना? नक्की?" जा म्हटलं. घरात इतकी शांतता की मलाच अवघडल्यासारखं झालं.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एकाच घरातल्या दोघांशी त्या नाही बोलणार, ते बरं नव्हे. त्यांच्या ओळखीचे एक सर आहेत, वयस्कर लोकांशीच बोलतात. त्यांच्याकडे गुरुवारी सहाचीच वेळ मोकळी आहे. माझी वेळ शुक्रवारी नेली.

मी अजून बरा नाही. आज सकाळीही तेच वाटलं. पण उठून चहा दोन कप टाकला.

१८ डिसेंबर, गुरुवार

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कवळी घातली. बिस्किटांचा डबा आत नेला, फोन कसा टेकवायचा ते विचारून घेतलं आणि दार लावलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "हिला जाऊन आता —" आणि पुढे फुटला.

मी टीव्ही लावला. मिक्सरवाला. आवाज पूर्ण.